पोटातला बोळा

आर्या, ईशान,

आर्याला मेडिकलला प्रवेश मिळाला. तुम्ही तिकडे केक कापलात, मी इथे गल्लीत पेढे वाटले. आता पांढरा कोट अंगावर चढायच्या आत आजीचं हे वाचा. तुमच्या बाबाने यातलं काही सांगितलेलं नाही. त्याला अजून सांगवत नाही.

नाशिक. नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझं गर्भाशय काढून घरी येऊन थोडेच दिवस झाले होते आणि टाक्यांतून पू येत होता. ऑपरेशन केलेल्या त्याच डॉक्टरकडे गेले. त्याने टेबलावर झोपवलं आणि बोटं टाक्यांत खुपसली. मी किंचाळले. त्याने थोबाडीत मारली.

"ओरडतेस काय? तुमच्या मळ्यातल्या बायका बांधावर बाळंत होतात!"

दोन आयांनी माझे हात दाबून धरले. त्याने पुन्हा बोटं खुपसली. मग शिकाऊ डॉक्टरला इंग्रजीत म्हणाला, ही माणसं घाणीतच राहतात, म्हणून पू होतो. मी महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. शब्द न् शब्द कळला. ओठ फुटला होता. बोलता आलं नाही.

मी त्याला 'तो' म्हणते. मुद्दाम.

ताप चढला. पोट फुगून टणक झालं. दुसऱ्या दवाखान्यातल्या सर्जनबाईंनी पोट उघडलं, तेव्हा आत कापडाचा बोळा निघाला. रक्त टिपायला कोंबलेला, तसाच शिवून टाकलेला. सडलेला. बोळ्याने आतडं कुजवलं होतं. कुजलेलं कापून टाकलं. मग कित्येक महिने मी पोटाला शौचाची पिशवी लावून वर्गात उभी राहिले. पिशवी सुटायची. घाण साडीवरून ओघळायची. पोरं नाक दाबायची.

मी त्याच्याकडे केसपेपर मागायला गेले.

"हार घालून गेलात ना? मग आता कसले पेपर? चल, नीघ."

वॉचमनने दंड धरून पायऱ्यांवरून ढकललं. मी पडले. पिशवी फुटली. तशीच उठले आणि त्या घाणीने भरलेल्या पायऱ्यांवर उभी राहून त्याला त्याच्याच इंग्रजीत ओरडून सांगितलं: पेपर दे, नाहीतर कोर्टात भेट.

हार घातला होता, हे खरं. आमच्या मळ्यात तशी रीतच होती. माणूस दवाखान्यातून जिवंत सुटलं की डॉक्टरला हार, नारळ, आणि पायावर डोकं. घरी जायच्या दिवशी माझ्या दिराने घरच्या शेवंतीचा हार आणला होता. "पडा पाया, वहिनी. देवमाणूस हे!" दवाखान्याने फोटो काढून घेतला.

डॉक्टरांनाही ग्राहक कायदा लागू होतो, हे मला एका वकीलबाईंनी सांगितलं. "दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. आणि बाई, रडायचं ते इथे. तिथे नाही."

ग्राहक मंचात त्याच्या वकिलाने तोच फोटो नाचवला. "हलगर्जीपणा झाला म्हणता, मग पायावर डोकं कसं ठेवलंत?"

"ठेवलं," मी म्हणाले. "तेव्हा बोळा पोटातच होता. वाकताना टोचत होता. मला वाटलं, टाके टोचतायत."

सर्जनबाईंनी शपथेवर साक्ष दिली. शहरातले बाकीचे डॉक्टर त्यांच्याशी बोलेनासे झाले.

दीर म्हणाला, "वहिनी, मोठ्या माणसाशी वैर नको. उद्या आपलं कोणी आजारी पडलं तर?"

"तर त्याच्याही पोटात कापड राहील, भाऊजी."

निकाल माझ्या बाजूने लागला. त्याने अपील केलं, तिथेही हरला. मेडिकल कौन्सिलने मात्र समज देऊन सोडला. तो पुढेही पोटं फाडत राहिला.

आर्या, चूक तुझ्याही हातून होईल. झाली तर त्याच दिवशी पेशंटला सांग. लपवलीस, किंवा टेबलावरच्या बाईवर हात उचललास, तर तिच्या बाजूने साक्षीला मी उभी राहीन. तुझ्याविरुद्ध. नात म्हणून सोडणार नाही.

आतडं आखूड झालंय. जेवण बेतानेच जातं. आवाज शाबूत आहे.