परकार सरांनी सांगितलेले शहर

सौदीतल्या रास अल खैरच्या कंट्रोल रूममध्ये मी रुजू झाले त्या सकाळी श्री. यासीन परकार माझ्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी मराठीत विचारले, "दाब किती?" मी स्क्रीनवरचा आकडा वाचून दाखवला. "हा झाला स्क्रीन सांगते तो. आहे किती?" मी पंपापाशी जाऊन दुसरा गेज पाहून आले. आकडे जुळत नव्हते. सरांनी शाबासकी दिली नाही. फक्त त्या दिवसापासून ते मला 'इन्स्पेक्टरबाई' म्हणू लागले.

समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या आमच्या प्रकल्पात सर उपकरण विभागाचे प्रमुख आहेत. या वर्षी ते साठीचे होत आहेत आणि निवृत्त होऊन श्रीवर्धनला परतणार आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी लिहिताना मी जे स्वतः पाहिले किंवा पडताळले, तेवढेच लिहिते आहे.

माझा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, अडकला होता आणि भाड्याने घर मिळत नव्हते, तेव्हा सरांनी व त्यांच्या पत्नी मेहरुन्निसाभाभींनी मला जुबैल शहरातल्या त्यांच्या घरी ठेवून घेतले. अनोळखी माणसे इतकी चांगली का वागतात, हे मला कळेना. मी खोलीला आतून कडी लावून बसत असे. सर दार वाजवत आणि बाहेरूनच म्हणत, "चहा दाराशी ठेवलाय. आम्ही जातो आता." मग त्यांची पावले मुद्दाम मोठ्याने वाजत. माझ्या संशयाचा त्यांनी कधी अपमान मानला नाही.

त्याच घरात मी टेक्सासमधल्या एका लहान शहराविषयी प्रथम ऐकले. सौदीला येण्यापूर्वी सरांनी तिथल्या पाणीपुरवठ्यात काही वर्षे काम केले होते. सर सांगत, तिथले महापौर न्हाव्याचे दुकान चालवतात आणि लोक केस कापताना नळाच्या तक्रारी करतात. रस्त्याने पायी निघाले तर गाड्या थांबतात. गाडी बिघडली का, कुठे सोडू, असे विचारतात. पहिल्या भेटीत कुठल्या चर्चला जाता असेही विचारतात, आणि सरांनी 'मशिदीत जातो, पण ती फार लांब आहे' असे सांगितले, तेव्हा एकाने शुक्रवारी गाडीने पोचवायची तयारी दाखवली. मला हे सारे फार गुळगुळीत वाटे.

भाभींची हकीकत मात्र खरी वाटली, कारण तिच्यात त्यांची फजिती होती. शेजारच्या आजींनी नव्या बिऱ्हाडासाठी अॅल्युमिनियमच्या पातळ ट्रेमधून जेवण आणले. तो ट्रे फेकून द्यायचा असतो. भाभींनी तो घासून, त्यात घावन भरून परत नेऊन दिला. "रिकामं कसं द्यायचं गं?" भाभी म्हणाल्या. आजी गोंधळल्या, पण पुढच्या आठवड्यात त्यांनी त्याच ट्रेमधून मक्याचा पाव पाठवला. ट्रेला भोक पडेपर्यंत हे चालले. मग आजींनी स्टीलचा डबा विकत आणला.

आता ते शहर वाढते आहे. कापसाच्या शेतांवर घरे उठत आहेत, गोडे पाणी पुरत नाही आणि जमिनीखालचे खारट पाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प उभारायचा आहे. मध्यंतरी सर म्हणाले, "तिथे मी तुझं नाव दिलंय."

"मला न विचारता?"

"विचारतोच आहे की आता."

त्यावर आमच्या विभागातले सावंत मला म्हणाले, "अगं, जाता जाता तुझी खुर्ची मोकळी करतायत. त्यांचा पुतण्या इन्स्ट्रुमेंटेशनवालाच आहे. एवढं गणित येत नाही होय तुला?"

गणित बरोबर दिसत होते. राजीनामा दिला की इकामा खलास. तिकडचे फिसकटले तर इथली जागा परत मिळणार नव्हती. मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि विचारले, "माझ्या जागी कोण येणार?"

सर हसले. "सावंत बोलला वाटतं. पुतण्यानं दोनदा अर्ज केला. दोनदा मीच नाही म्हटलं. एक गेज बघून सही ठोकतो तो. तुझी भाभी अजून त्यावरून मला ऐकवते."

"मग मला का घालवताय?"

"इथं सगळं बांधून झालंय, बाई. तू फक्त झालेल्या चुका शोधतेस. तिथं पाइप कुठून न्यायचा तेच अजून ठरायचंय. बांधायच्या आधी संशय घेणारं माणूस त्यांना पाहिजे."

उत्तर चांगले होते. तरीही त्यांना न सांगता मी तिथल्या पाणीपुरवठा प्रमुखांना फोन केला. या डोनाबाई सरांच्या काळात प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. त्यांनी सांगितले, की ही जागा आधी सरांनाच देऊ केली होती. सरांना पुन्हा तिथे जावेसे फार वाटत होते, पण त्यांनी कळवले, 'मी साठीचा झालो. प्रकल्प उभा राहून नीट चालेपर्यंत तुमच्याबरोबर राहील असं माणूस घ्या.' हे सरांनी मला सांगितलेच नव्हते.

"तू त्याच्या माघारी फोन करशील, हे त्यानं आधीच सांगून ठेवलंय," डोनाबाई पुढे म्हणाल्या. "रागावू नका, असंही म्हणाला. आता तूच सांग, विहिरींचे अहवाल पाठवू, की पाण्याचे नमुनेच पाठवू?"

मी दोन्ही मागवले. दोन्ही आले; नमुने मी तपासून घेतले, आणि ते अहवालांशी जुळले. गेल्या आठवड्यात मी होकार कळवला.

सरांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "यल्ला, चल मग, कामाला लाग. पहिलं पाणी निघेल तेव्हा प्यायला येतो." तो प्रकल्प उभा राहायला बरीच वर्षे लागतील, हे सरांना माझ्याहून चांगले ठाऊक आहे. तेवढी वर्षे, आणि नंतर माझ्या बांधणीतल्या चुका निवांत काढत बसायला लागतील तेवढी आणखी वर्षे, सरांना आणि भाभींना निरोगी आयुष्य लाभो.