रहेमानचं उलटं घर

रहेमान वेल्डरची एक खोड होती. हातात टेप किंवा कागद घेऊन कुणीही दारात आलं, की तो उठून उभा राहायचा आणि साहेब म्हणायचा. वीजमीटर वाचणारा पोऱ्या साहेब, जनगणनेला आलेल्या शाळेतल्या बाईसुद्धा साहेब. स्वतःच्या कामात गडी पक्का, सुताचा फरक खपवून घ्यायचा नाही. पण सरकारी कागद समोर आला की त्याची मती गुंग व्हायची. त्याला हसणाऱ्यांनी आधी स्वतःचा सातबारा एकदा नीट समजून घ्यावा आणि मग हसावं.

अंबडचे कारखाने जिथं संपतात आणि घरं सुरू होतात, तिथं त्याची जागा होती. वडिलांनी एका शेतकऱ्याकडून घेतलेला लहानसा तुकडा. रस्त्याला लागून पत्र्याचं शेड, त्यात वेल्डिंगचं दुकान. शेडच्या मागं झोपायची खोली आणि तिच्याही मागं स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या पाठीला एका कारखान्याची उंच भिंत होती, त्यामुळं भर दुपारीसुद्धा तिथं दिवा लावावा लागे. रहेमानची बायको खुर्शीदा घोटीहून लग्न होऊन आली तेव्हापासून त्या दिव्याखाली भाकऱ्या थापत होती. पुढं रहेमान लोकांची गेटं आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवत होता. पाथर्डी फाट्यापर्यंत नवी घरं उठत होती, आणि नवं घर म्हटलं की माणसाला आधी चोर आठवतो, त्यामुळं धंदा बरा चालला होता.

शहर असं वाढत वाढत अंगावर आलं, तसा शेजारचा प्लॉट ज्ञानेश नावाच्या माणसानं घेतला. त्याच्या घराचं गेट रहेमाननंच बनवलं आणि वास्तुशांतीला रहेमानच्या घरचे सगळे जाऊन जेवूनही आले. भांडण असं काही नव्हतं. पण ज्ञानेश कंपनीत रात्रपाळीला. सकाळी तो आडवा व्हायचा आणि बरोब्बर त्याच वेळी रहेमानचा ग्राइंडर किंचाळायला लागायचा. ज्ञानेशनं कानात कापूस घालून पाहिला, डोक्यावर उशी घेऊन पाहिली, दोनदा येऊन सांगूनही पाहिलं, आणि शेवटी कंटाळून अर्ज केला. चौऱ्याण्णव साली रहेमानला नोटीस आली.

आपण रहिवासी विभागात विनापरवाना कारखाना चालवत आहात, तो बंद का करू नये याचा खुलासा करावा, अन्यथा जागा सील करण्यात येईल, असं त्यात होतं. थोरली मुलगी सुहाना वाचत होती आणि रहेमान ऐकत होता. ऐकता ऐकता त्याच्या चेहऱ्यावरची चिंता एकदम गेली.

"अगं, ही आपली नाय. कारखाना मागं हाय. पोस्टमन चुकला."

आणि तो खरोखर ती नोटीस घेऊन मागच्या कारखान्याच्या दारावर गेला. वॉचमननं ती वाचली, वरचं रहेमानचं नाव बोट ठेवून दाखवलं आणि परत दिली. तेव्हा कुठं गड्याला घाम फुटला. एक वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर आणि आपण एकटे, यालाही कारखाना म्हणतात हे त्याला त्या दिवशी कळलं. दुकानाला सील लागलं तर घरात चूल कशी पेटणार, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

नगररचनेच्या कचेरीत भिंतभर नकाशा लावलेला होता. राहायची जागा पिवळी, कारखान्यांची जांभळी, शेती हिरवी. धोंडीराम नावाचा जुना कारकून फूटपट्टी घेऊन नकाशापुढं उभा राहिला. गट नंबर शोधत पट्टी इकडं गेली, तिकडं गेली आणि एका जागी थांबली.

"हे तुमचं."

रहेमाननं मान पुढं काढून पाहिलं. घर काही दिसेना.

"कुठंय?"

"ही काळी रेघ दिसते का? पिवळं इथं संपतं आणि जांभळं सुरू होतं. या रेघेखाली तुमचं घर आहे."

मग साहेबही उठून आले. रहेमाननं आणलेला जागेचा कच्चा नकाशा त्यांनी मोठ्या नकाशाशेजारी धरला, चष्मा वर केला, खाली केला. हिशेब करता असं निघालं, की रेघ घराच्या मधोमध जाते. रस्त्याकडचं शेड पिवळ्यात आणि मागचं स्वयंपाकघर जांभळ्यात.

"साहेब, रेघेच्या आतून धरायचं का बाहेरून?" रहेमाननं विचारलं. लोखंडावर खडूची रेघ मारली की त्याच्या धंद्यात हे आधी विचारतात, नाहीतर माप चुकतं.

"आतून नाही, बाहेरून नाही," साहेब म्हणाले. "हा नकाशा अजून पक्काच नाही. मंजूर होऊन यायचाय."

"मंग नोटीस?"

"नोटीस पक्की आहे."

रहेमान एकदा नकाशाकडं, एकदा साहेबांकडं बघत राहिला. नकाशा कच्चा आणि त्याच्यावरून निघालेली नोटीस पक्की, हे गणित त्याला पुढं कधीच सुटलं नाही. मला विचाराल तर मलाही सुटलेलं नाही.

साहेब माणूस वाईट नव्हता. जेवणाची वेळ झाली होती आणि त्यांना जरा गमतीची लहर आली.

"बघा धोंडीराम, हे राहतात कारखान्याच्या जागेत आणि कारखाना चालवतात राहायच्या जागेत. रहेमानभाई, उलटं करून टाका की! चूल पुढं, वेल्डिंग मागं. तुम्हीही सुटलात, आम्हीही सुटलो!"

धोंडीराम हसला, आजूबाजूची टेबलंही हसली. रहेमान हसला नाही. साहेबांनी वाट दाखवली होती आणि तो ती लक्षात ठेवत होता.

"किती दिवसांत करू, साहेब?" त्यानं विचारलं, पण तोवर साहेब डबा उघडायला गेले होते.

घरी आल्यावर त्यानं खुर्शीदाला सगळं सांगितलं. तिला पिवळं-जांभळं काही कळलं नाही, पण शेवटचं बरोबर कळलं.

"चूल पुढं? रस्त्याकडं?"

"साहेबांनीच सांगितलं. आता काय करणार?"

रहेमानला वाटलं होतं, ही डोकं खाईल. भांडी कोण हलवणार, मांडणी कोण काढणार, ओटा कोण बांधणार. पण ती एवढंच म्हणाली, "मग उद्यापासून लागा." बायको किती समजूतदार आहे, असं त्याला वाटलं. नवऱ्यांना असलं काहीतरी वाटून घ्यायची सवयच असते.

शेडला समोरून विटांची भिंत घातली. खिडकी केवढी ठेवायची ते खुर्शीदानं सांगितलं, आणि गवंड्यानं ती लहान ठेवायला बघितलं तेव्हा त्याला बांधलेली वीट परत काढायला लावली. ओटा तिनं खिडकीखालीच घेतला. मागचं स्वयंपाकघर रिकामं झालं आणि तिथं मशीन, ग्राइंडर, ऐरण असं सगळं जाऊन बसलं. शेजारी ज्ञानेश खूश झाला. आवाज आता कारखान्याच्या भिंतीकडं जात होता आणि कारखान्याचाच आवाज इतका मोठा, की रहेमानचा ग्राइंडर त्यात ऐकूही येईना. बऱ्याच दिवसांनी माणूस पोटभर झोपला. अर्ज केल्याची त्याला लाज वाटत होती, म्हणून त्यानं आपल्या कंपनीतली दोन कामंही रहेमानला मिळवून दिली.

पण धंद्याचा पार विचका झाला. लोखंडाच्या लांब पट्ट्या मागं न्यायच्या तर आधी स्वयंपाकघरातून, मग झोपायच्या खोलीतून. पट्टीचं एक टोक रस्त्यावर आणि दुसरं टोक गादीवर, मधे खुर्शीदाचं वरण उकळतंय, अशी ती वरात चालायची. गिऱ्हाईक यायचं, खिडकीत भाकरी थापणारी बाई बघायचं आणि पत्ता चुकला म्हणून पुढं निघून जायचं. एकदा तर एका बंगल्याचं मोठं गेट तयार झालं, वर छान वेलबुट्टी काढली, रंगसुद्धा मारला, आणि ते दारातून निघेना. आडवं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. शेवटी रहेमाननं ते स्वतःच्या हातानं मधोमध कापलं, दोन तुकडे रस्त्यावर आणले आणि उन्हात बसून पुन्हा जोडलं. जोडताना त्याला रडूच आलं होतं. कायद्यानं वागतोय आणि तरी नुकसान आपलंच होतंय, यात नेमकं आपलं चुकतंय कुठं, हे त्याला कळत नव्हतं.

अशी दोनेक वर्षं गेली. कचेरीकडून काहीच आलं नाही, तेव्हा आपलं सगळं बरोबर असणार, असं तो धरून चालला होता. आणि एका सकाळी साहेब आणि धोंडीराम जागा बघायला आले. ज्ञानेशच्या जुन्या अर्जाचा निकाल लावायचा राहिला होता.

दारातच खुर्शीदा कांदा चिरत होती. साहेबांनी कागद बघितला, घर बघितलं.

"इथं वेल्डिंगचं दुकान होतं ना?"

"होतं. मागं नेलं," रहेमान मागून हात पुसत पुढं आला. "चूल पुढं, वेल्डिंग मागं. तुम्ही सांगितल्यापरमानं."

"मी? मी कधी सांगितलं?"

रहेमाननं सगळं सांगितलं. नकाशा, रेघ, डबा. साहेबांना काही आठवेना, पण धोंडीरामला आठवलं आणि त्यानं मान खाली घातली. साहेब ओशाळले. मग त्यांनी पिशवीतून नवा नकाशा काढला.

"हे बघा. आता नकाशा मंजूर होऊन आलाय. रेघ सरकलीय, पार कारखान्याच्या भिंतीपर्यंत. तुमचं घर आता अख्खं पिवळ्यात."

"म्हंजे मागचं बंद?" रहेमाननं घाबरून विचारलं.

"मागचं बंद. पण ऐका पुढं. राहायच्या जागेतसुद्धा लहानसं दुकान चालतं, फक्त ते रस्त्याला लागून हवं आणि त्याला स्वतंत्र दार हवं. म्हणजे पुढचं शेड होतं ना, तसंच. दिवसा चालवा, मशीन वाढवू नका, मी परवाना देतो. होतं तिथं परत आणा, झालं. चुकून का होईना, माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला."

रहेमानला आधी कळेचना. मग हळूहळू कळलं, तसा त्याचा चेहरा फुलला. होतं तिथंच बरोबर होतं! आता पट्ट्या गादीवरून न्यायला नकोत, गेट कापायला नको, गिऱ्हाईक समोर उभं राहणार आणि खिशात परवाना. आवाज ऐकून ज्ञानेश डोळे चोळत बाहेर आला होता, त्याचा चेहरा मात्र पडला. रहेमान भिंतीला हात लावून बोलायलाही लागला, ही वीट काढायची, ही ठेवायची, आठ दिवसांत करतो साहेब.

"माझी हरकत हाय," खुर्शीदा म्हणाली.

तिच्या हातातला कांदा विळीवर थांबला होता. हा कचेरीतला शब्द तिनं दोन वर्षं नवऱ्याच्या तोंडून ऐकला होता, तो तिनं आज पहिल्यांदा वापरला.

साहेब म्हणाले, "हरकतींची मुदत संपली, बाई. नकाशा मंजूर झाला."

"मी नकाशाला कुठं म्हणते? मी यांना म्हणते." ती रहेमानकडं वळली. "लग्न करून आले, त्या मागच्या खोलीत गेले. दिवस उगवला का मावळला, त्या दिव्याखाली कळायचंच नाही. घोटीला आमचं घर भर बाजारात. येणारा जाणारा मला नावानं ओळखायचा. इथं पोरं मोठी झाली, पण गल्लीत मला कुणी ओळखत नव्हतं. आता भाजीवाला थांबतो, शेजारीण दोन शब्द बोलते. तुम्ही म्हणालात साहेबांनी सांगितलंय, मी म्हटलं, बरं झालं, कुणीतरी सांगितलं एकदाचं."

रहेमानला राग आला नाही, त्याला लाज वाटली. इतकी वर्षं तो हिच्या हातचं खात होता आणि हिला तिथं अंधारात काय वाटतं, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. टेपवाल्या प्रत्येक माणसाला साहेब म्हणून विचारलं होतं, कुठून कापू, किती दिवसांत करू. हिला नाही.

"तुला मागं जायचंय का?" त्यानं सगळ्यांसमोर विचारलं.

"नाय."

"एकदा इचार कर. परवाना मिळतोय."

"नाय म्हटलं ना."

रहेमाननं भिंतीवरचा हात काढला. "मागचं बंद करतो, साहेब."

"अहो, पण पुढं चालवायला तुम्हाला कायद्यानं काही अडचण नाही," साहेबांनी पुन्हा समजावून पाहिलं. आपण देतोय तो परवाना हा माणूस घेत का नाही, हे आता त्यांना कळेना.

"व्हय, नाय अडचण," रहेमान म्हणाला. "पण तिथं ती बसलीय."

पुढं त्यानं अंबडलाच एक गाळा भाड्यानं घेतला. तो गाळा कोणत्या रंगात आहे हे तो जाऊन विचारून आला आणि दोन वेगवेगळी उत्तरं घेऊन परतला. भाड्यानं कंबरडं मोडलं, ज्ञानेश निवांत झोपला, सायकलीवर जाऊन येऊन रहेमानचे गुडघे दुखायला लागले. घरचं दुकान का हलवलंत, असं लोकांनी विचारलं की तो म्हणायचा, "कचेरीनं हलवायला लावलं हो, इलाज नव्हता." खुर्शीदा ओट्याशी उभी राहून ते ऐकायची आणि चारचौघांत त्याला कधी खोटं पाडायची नाही.