दारापर्यंत रिक्षा

तुळसाला स्वस्थ बसणं कधी जमलंच नाही, आणि चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर तर ती चहाही उभ्यानेच प्यायची. पावसाळ्यात नवरा, धोंडू, झाडावरून पडला, खुबा मोडला. आता तो इस्पितळातून सुटून भाट्याला बहिणीकडे राहिला होता. घरी यायला तयार नव्हता.

पडला त्या दिवशी वाटेत चिखल म्हणून त्याला खुर्चीत बसवून चौघांनी खांद्यावरून सडकेपर्यंत नेलं होतं. समोरून येणाऱ्या म्हाताऱ्या सखारामने, हा गेलाच असं समजून, टोपी काढून हात जोडले. धोंडूच्या मनातून ते जाईना.

"रिक्षा दारात आली तर येईन," त्याने निरोप धाडला. "खांद्यावरनं आता एकदाच जायचंय. त्याला घाई नाय."

सडकेपासून दारापर्यंतच्या वाटेवर टाकायला दीर केरूने खडी मागवली. त्याआधी जमीन तयार करायची होती. तुळसाने भुसभुशीत माती उपसली, मुळं तोडली, मुरूम पसरला, पाणी शिंपडलं आणि चोपणं घेऊन बसली. दरवर्षी अंगण चोपायची, तसंच. दुपारी जरा आडवी झाली की सडकेवर रिक्षा वाजल्याचा भास व्हायचा, आणि ती पुन्हा उठून चोपायला लागायची. वाट तळहातासारखी सपाट झाली.

केरूने कळशीभर पाणी मधोमध ओतलं. पाणी तिथंच थांबलं.

"वैनी, हे अंगण झालं. हितं काय भात वाळवायचंय? खडीखाली पाणी साचलं की चाक रुतणार. मध्ये उंच हवं, पाणी दोन्ही बाजूंना उतरायला हवं."

"मग इतके दिवस तोंड शिवलं होतं काय?"

"तुमच्या हातात चोपणं. बोलणार कोण?"

तिला हसू आलं नाही. इतकी नेटकी जमीन तिच्या हातून कधी उतरली नव्हती. साचलेल्या पाण्याकडे ती बघत राहिली. मग टिकाव उचलून पहिला घाव तिनेच घातला.

रिक्षा आली तेव्हा खडी करकरत होती. तुळसा वाकून चाकांबरोबर कडेने चालत राहिली. खडी थोडी दबली, पण चाक रुतलं नाही. रिक्षा दारात थांबली, तरी तिची नजर मागच्या चाकावरच.

"अगो, चाकाला ओवाळतंस काय?" आतून धोंडू ओरडला. "आधी मला उतरव!"