कंडिशन स्टेबल

माघार घेण्याचा स्क्रू देव आमच्या हिच्या मामांना बसवायला साफ विसरला आहे, याबद्दल अख्ख्या सोलापुरात माझ्याशी कुणी वाद घालणार नाही. साखर कारखान्याच्या बॉयलरवर जन्म काढलेला हा माणूस निवृत्त होऊन अक्कलकोट रोडला राहायला आला आणि महिनाभरात प्रेशरवाचून सुकू लागला. ते ओळखून परदेशातल्या मुलीने त्यांना घरी बिअर मुरवायचं एक बॅरल पाठवलं. वर वाल्व्ह, खाली तोटी. मामा कपाळभर विभूती लावणारे, सुपारीचंही व्यसन नसलेले. पण आलेलं यंत्र बंद ठेवणं त्यांना पाप वाटलं. त्यांनी आलं, लिंबू, साखर आणि चिमूटभर यीस्ट घेऊन आल्याची बिअर करायला घेतली आणि बॅरलवर लाल ऑइलपेंटने ठसठशीत लिहिलं, 'बिअर'. "चढते का हो?" मी भीतभीत विचारलं. "चढत्यात की जावईबापू, बुडबुडे. नाकात!"

आधी बादलीत आंबवायचं, मग बॅरलमध्ये आणखी वाटीभर साखर घालून झाकण घट्ट आवळायचं, म्हणजे गॅस आतच कोंडतो आणि पेयाला फेस धरतो. या मुरण्याला माहितीपुस्तकात 'कंडिशनिंग' म्हटलं होतं. मामांनी त्यातली 'कंडिशन' तेवढी उचलली, तीही दवाखान्यातली. रोज सकाळी बॅरलला कान लावून ते मोठ्याने जाहीर करत, "कंडिशन स्टेबल!" एकदा उन्हाळ्यात साखर जास्त झाली आणि वाल्व्ह शिट्टी मारायला लागला, तेव्हा ते फोनवर मला ओरडून सांगत होते, "कंडिशन लई नाजूक हाय, दुपार काढंल असं वाटत न्हाय." ते भिंतीपलीकडच्या गुरुजींनी ऐकलं. मामीच आजारी आहेत असं समजून ते पांढरी टोपी घालून, गंभीर चेहऱ्याने हजर झाले. दार उघडलं ते मामींनीच. गुरुजींना पाणी प्यावंसं वाटलं. मामींनी घरात पाण्याहून जास्त होती ती बिअरच पेला भरून दिली.

खरा घोटाळा त्या लाल शब्दाने केला. इथे राहायला आल्यापासून मामींच्या घरी दर सोमवारी बायकांचं भजन व्हायचं. भजन हा मामींचा जीव की प्राण. 'बिअर' ही अक्षरं वाचून बायकांनी निरोप धाडला, तिथं 'सरबत' लिहा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बसू. मामा उसळले. "सरबत निपचित पडून असतं, हे जित्तं हाय! जे हाय तेच लिवणार. आमी बॉयलरला कधी बंब म्हटलं न्हाय." मी मध्यस्थी करायला गेलो, तर मलाच घोटभर प्यायला लावून परत पाठवलं.

सोमवारी मामींनी सतरंजी अंथरली, टाळ काढून ठेवले. कुणी आलं नाही. तासाभराने त्यांनी एकटीने सतरंजीची घडी घातली. मामा खुर्चीत बसून ते बघत होते, आणि पुढच्या सोमवारी मी गेलो तर हातात रॉकेलचा बोळा घेऊन बॅरलपुढे उकिडवे बसलेले! एवढ्यात मामींनी तो बोळा हिसकावला आणि कानडीत दटावलं. "बेडा! पुसायचं न्हाय. अवो, तुमी खोटं लिवलं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघून भजन म्हणू?" त्यांनी तोटीखाली स्टीलची कळशी भरली आणि तडक भजनातल्या थोरल्या बाईंचं घर गाठलं. कळशी धरायला मी होतोच. "घ्या. बिअर हाय, आल्याची. मी पिऊन आलीया, आन् ही बघा इभूत कपाळावर तशीच हाय." बाईंनी नाक मुरडत घोट घेतला, मग एक दणदणीत ढेकर दिला, आणि संध्याकाळी सगळ्या जणी सतरंजीवर हजर झाल्या.

मामींना जाऊन आता वर्ष होईल. बायका अजून सोमवारी येतात, मामा सतरंजी अंथरतात, पेले भरतात, आणि लाल अक्षरं फिकी झाली की पुन्हा गिरवतात. जाताना मी नेहमीसारखं विचारतो, "मामा, कंडिशन?"

मामा बॅरलला कान लावतात. बराच वेळ लावून ठेवतात.

"ह्याची व्हय?" ते म्हणतात. "ह्याची स्टेबल हाय."