मोरोक्कोच्या राजाचे चिखलीतले प्रजाजन

मोरोक्कोच्या राजाला माझ्या आतोबांइतका निष्ठावंत प्रजाजन खुद्द मोरोक्कोतही मिळायचा नाही, आणि हे मी राजेशाहीचा जाहीर निषेध नोंदवून, पूर्ण जबाबदारीनं लिहिते आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. मूळचे लातूरकडचे. उभी हयात चाकणला, गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत गेली. कंपनीनं एकदा त्यांना मोरोक्कोतल्या तँजियर गावी नव्या कारखान्यातल्या पोरापोरींना काम शिकवायला धाडलं. गेले ते दोन वर्षांसाठी, आणि माझ्या मते अजून परत आलेले नाहीत. देह तेवढा चिखलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. त्यांच्या तोंडी ‘आमच्याकडे’ आलं की ते लातूर नसतं आणि चिखली तर नसतंच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये बंद लिफ्टवरून गदारोळ चालला असताना ते उठून म्हणाले, ‘‘आमच्याकडे असं झालं असतं, तर राजानं दुसऱ्या दिवशी मंत्र्याला उभं केलं असतं.’’ सेक्रेटरी गोंधळून म्हणाला, ‘‘काका, लातूरला राजा कधी झाला?’’

तिकडच्या प्रत्येक दुकानात राजाचा फोटो असतो म्हणून यांनीही एक आणला आणि हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावला. येणारेजाणारे त्याला आतोबांचा परदेशातला जावई समजत, आणि मुलगी नसलेल्या घरात जावई कुठून आला हे विचारायचं धाडस कुणी करत नसे. एका दसऱ्याला आत्यानं देव, सासू-सासरे आणि राजा अशा ओळीनं सगळ्यांना झेंडूचे हार घातले. आतोबा आंघोळीहून आले आणि कंबरेचा टॉवेल सावरत ओरडले, ‘‘अगं, जित्या माणसाला हार घालायलीस? तिकडं कळलं तर काय म्हणतील?’’ आत्या शांतपणे म्हणाली, ‘‘तिकडं कोण सांगायलंय? तुम्हीच फोन करताव का?’’

चहाही त्यांचा तिकडचाच. कुंडीतला पुदिना ओरबाडायचा, मूठभर साखर घालायची आणि किटली डोक्याच्याही वर नेऊन खालच्या पेल्यात धार सोडायची. धार जितकी उंच तितका पाहुण्याचा मान मोठा. मान सगळ्यांना मिळे, चहा मात्र थोड्यांनाच, कारण बराचसा सोफ्यावर जाई. सरावलेले पाहुणे किटली दिसताच पाय वर घेऊन बसत. वर्षातून एकदा राजाचं भाषण असे. त्या दिवशी आतोबा तिकडून आणलेला पांढराशुभ्र, पायघोळ, मागे टोपी असलेला झगा घालून मोबाइलसमोर ताठ बसत. भाषण अरबीत, आणि आतोबांची अरबी ‘सलाम’ आणि साखरेचं ‘सुक्कर’ यांच्यापुढे गेलेली नाही. तरी माना अशा डोलवत, की हरिपाठाला बसलेत असं वाटावं. संपलं की मी विचारायची, ‘‘काय म्हणाला राजा?’’ दरवर्षी उत्तर एकच: ‘‘सरकारला झापलं.’’

आमचं खरं वाजायचं ते इथेच. मी पत्रकं काढणारी. वस्तीत पाणी नसो, पथदिवा नसो, माझं पत्रक दुसऱ्या दिवशी दारात. ‘जाब द्या!!! खुर्च्या खाली करा!!!’ असा खणखणीत मजकूर लिहून नेला, की आतोबा लाल पेन घेऊन बसत आणि आधी उद्गारचिन्हं मारून टाकत. ‘‘राजाला वरडून सांगत नसतेत. हे बघ. मोरोक्कोत निवडणूक हाय, संसद हाय, पंतप्रधान हाय. लोकांनी त्यांना शिव्या द्यायच्या, दाद राजाकडं मागायची. मग राजा सरकारला झापतो. सगळे खूश.’’

‘‘म्हणजे सत्ता एकाची आणि शिव्या दुसऱ्याला? झकास सोय आहे!’’

‘‘ह्यालाच राज्य करणं म्हणतेत, क्रांतीबाई.’’

मी चिडून निघाले, की पाठीमागून हाक यायची, ‘‘पुदिन्याचा चहा तरी पिऊन जा!’’ आणि मी पाय वर घेऊन बसायची. त्या माणसावर धड रागावताही येत नसे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, ते दवाखान्यापर्यंत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सरकारी दवाखाना बांधून तयार झाला. रंग झाला, खाटा आल्या, डॉक्टरीणबाई आणि नर्सची नेमणूकसुद्धा झाली. आणि दाराला कुलूप. का? तर साहेबांची तारीख मिळत नव्हती. साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. त्यांच्या हातची कात्री लागल्याशिवाय इथं मुतारीसुद्धा सुरू होत नाही. दारावर लाल फीत बांधून ठेवलेली, ती उन्हानं गुलाबी झाली. डॉक्टरीणबाई रोज वेळेवर येऊन बाहेर पायरीवर बसत, कारण हजेरी तर लागायला हवी. आणि नेमकं तेव्हाच आत्याच्या पायाला चप्पल चावल्याचं निमित्त झालं. तिला साखरेचा आजार. जखम भरेना. मलमपट्टीला दिवसाआड रिक्षानं पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात जायचं, ट्रॅफिकमध्ये तासभर लोंबकळायचं, तिथं रांग. हळूहळू ती दोन दिवसांआड जायला लागली, मग चार. ‘‘दुखत न्हाई मला,’’ म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी पायरीवरच एकदा पाय बघितला आणि म्हणाल्या, ‘‘दुखत नाही तेच वाईट आहे. साधनं सगळी आत आहेत हो, कुलपाच्या आत.’’

मी पत्रक लिहिलं: ‘कुलूप तोडणार!!!’ आतोबांनी हात जोडले. ‘‘साहेबांना कळलं की करतील ते. खालची माणसं त्यांच्यापर्यंत पोचवत न्हाईत. राजा यायचा तर वेळ लागतोच. आमच्याकडंबी मोठी कामं राजाच्या हातानंच सुरू होतेत.’’ आत्याचा नवरा असा हात जोडतोय म्हटल्यावर मी पत्रक घडी करून ठेवलं. साहेबांची तारीख आली, गेली. दुसरी आली, त्या दिवशी साहेब पुनावळ्याला कुणाच्या तरी साखरपुड्यात अडकले. आतोबांनी टापटीप कपडे घालून दोन्ही वेळा रस्त्यावर उभं राहून वाट पाहिली.

तिकडे मोरोक्कोत त्याच सुमाराला पोरं रस्त्यावर उतरली होती. स्टेडियम बांधताय, मग दवाखाने कुठे आहेत, शाळा कुठे आहेत, असं विचारत. मी मोबाइल आतोबांच्या नाकासमोर धरला. ‘‘बघा तुमची प्रजा!’’ ते म्हणाले, ‘‘नीट वाच. पोरं सरकारवर चिडलेत. राजाकडं तर दादच मागायलेत.’’

‘‘आणि पोलिसांनी उचलली ती पोरं? ती कुणी उचलली?’’

आतोबा उठले. पुदिना खुडायला गेले आणि तसेच परत आले.

त्या संध्याकाळी त्यांच्या हाताखाली शिकलेल्या तिकडच्या एका मुलीचा फोन आला. ती अजून त्यांना ‘बाबा’ म्हणते, दोघं कारखान्याच्या मोडक्या इंग्रजीत बोलतात. धाकटा भाऊ रोज मोर्च्यात जातो, आई दाराशी बसून असते, असं ती सांगत होती. मग तिनं आत्याच्या पायाची चौकशी केली. आतोबांनी दवाखाना, कुलूप, फीत आणि साहेबांच्या तारखा सगळं सांगितलं. फोन स्पीकरवर होता. पलीकडून ती हसत म्हणाली, ‘‘बाबा, तुमच्याकडेही राजा आहे, हे कधी सांगितलं नाहीत!’’

आतोबांनी फोन ठेवला. आत्याच्या पायाशी जाऊन बसले, पट्टी जरा वर करून पाहिली आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार बाया आणि माझी पत्रकं घेऊन दवाखान्यापाशी पोचले, तर समोरून पांढरा झगा घातलेले आतोबा येत होते. डोक्यावर टोपी ओढलेली, हातात आत्याची शिवणकामाची कात्री. मागे रिक्षात आत्या. दवाखान्याचा वॉचमन जुना गावकरी. तो ताडकन उभा राहिला. ‘‘पाव्हणं उद्घाटनाचं व्हय? सायेब न्हाई आलं?’’

‘‘साहेबांना वेळ न्हाई,’’ आतोबा म्हणाले, आणि यात खोटं एक अक्षर नव्हतं. ‘‘कुलूप काढा.’’

वॉचमननं कुलूप काढलं. फीत कुजलेली, कात्री लागायच्या आधीच अर्धी तुटली. बायांनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाई पायरीवरून उठल्या आणि म्हणाल्या, ‘‘झालं ना उद्घाटन? मग पहिला पेशंट आत घ्या.’’ तासाभरात साहेबांची माणसं गाड्या घेऊन आली. ‘‘कुणाच्या परवानगीनं? कोण आहे हा बाबा?’’ पण तोवर निम्मी चिखली खोकत रांगेत उभी होती. रांगेतली एक म्हातारी त्यांना म्हणाली, ‘‘लंबर लावा, भाऊ. मधी घुसू नका.’’ उघडलेला दवाखाना बंद करायचं धाडस पुढाऱ्यालाही होत नाही. साहेबांनी नंतर येऊन तिथल्या वॉटर कूलरचं उद्घाटन केलं. फ्लेक्स मोठा होता.

मी हे विजयाचं पत्रक म्हणून लिहायला घेतलं होतं. पण आत्याच्या पायाची करंगळी गेली. डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथं ती काढावी लागली. पाऊल वाचलं. पट्ट्या आता गल्लीतच होतात; आत्या स्वतः चालत जाते, जरा फेंगडी. परवा ती आत ड्रेसिंगच्या टेबलावर बसली होती आणि मी नि आतोबा बाहेर बाकावर. आतून तिचा आवाज येत होता, नर्सला सांगत होती, ‘‘करंगळीत काय नसतंय बघ, जोडवी अंगठ्याशेजारच्या बोटात असतेत.’’ नर्स हसली. मीही हसले.

आतोबा हसले नाहीत. तिच्या चपला मांडीवर घेऊन बसले होते, डावीचा पट्टा अंगठ्यानं दाबून मऊ करत. म्हणाले, ‘‘दोन डाव वाट बघितली गं मी त्याची. इस्त्रीचे कपडे घालून.’’

माझ्या पिशवीत पत्रकं होती. एकही वाक्य उपयोगाचं नव्हतं. मी उजवी चप्पल घेतली आणि तिचा पट्टा दाबत बसले.