माटोळीखालचा सर्व्हर

जगातली कुठलीही संगणक-कंपनी गोव्यातल्या डिचोलीच्या एका माणसाला न विचारता निर्णय घेते, म्हणूनच संगणकांचे वाटोळे झाले, असे आमच्या भावजींचे, म्हणजे माझ्या बहिणीच्या यजमानांचे, ठाम मत होते. ज्या कंपनीचे फोन आणि लॅपटॉप लोक मिरवतात, ती एके काळी सर्व्हरही विकायची. पुढे तिने ते बंद केले. खाणीच्या कचेरीने मोडीत काढलेला तसला एक सर्व्हर भावजींनी घरी आणला आणि वाड्यावरची भजने, आरत्या, लग्नातल्या ओव्या त्यात साठवल्या. शेजाऱ्यांनी आपापल्या घरी बसून फोनवर त्या ऐकायच्या. पण सुटे भाग मिळेनासे झाले. यंत्र थांबले की हे सगळे थांबणार; म्हणून कंपनीने पुन्हा सर्व्हर विकलेच पाहिजेत, हा त्यांचा ध्यास.

"अरे, फोन म्हणजे जेवणारो आनी सर्व्हर म्हणजे वाढपी. सगळेच पंगतीत बसले तर वाढतलो कोण?" हे त्यांनी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराला ऐकवले, आणि मये तळ्याकाठी त्या कंपनीचा लॅपटॉप उघडून बसलेल्या पर्यटकालाही. तो बिचारा म्हणाला, "काका, मी फक्त विकत घेतलाय हो!"

"मग तुमचंच ऐकतील. तुम्ही गिऱ्हाईक!"

मी म्हणायचो, "भावजी, तोट्याचा धंदा तो. घेणार कोण?"

"हांव आसां मरे!" म्हणजे, मी आहे की!

यंत्राला गारवा हवा म्हणून ते गणपतीच्या खोलीत. एका गणेश चवथीला त्याच्यावरच माटोळी, म्हणजे गणपतीपुढे छताला टांगायची फळाफुलांची चौकट, बांधली गेली: नारळ, सुपारीचे घोस, रानफळे आणि कच्च्या केळ्यांचा घड. यंत्राच्या उष्ण श्वासाने केळी भराभर पिकली आणि ऐन आरतीत एकेक खाली बसलेल्या तबलजीच्या डोक्यावर पडू लागली.

"तुमचो तो राकेस हांगाच्यान काडा!" बहीण त्या यंत्ररूपी राक्षसाकडे बोट दाखवत कडाडली.

"अगो, देवाक पिकिल्लींच बरीं लागतात," भावजी हात जोडून म्हणाले. पुढची आरती हसण्यातच वाहून गेली.

भावजी गेले त्याला फार दिवस झाले नाहीत. त्यांच्या मुलाने सगळ्याच्या प्रती करून ठेवल्या आहेत, तरी बहीण यंत्र बंद करू देत नाही. "प्रती आसूं. पूण तांणी वाढिल्लें तांच्याच हातांतल्यान वचूंक जाय," म्हणते; त्यांनी वाढलेले त्यांच्याच हातून जायला हवे, हा तिचा हट्ट. परवा यंत्र घरघरू लागले. ती बराच वेळ त्याच्यासमोर बसून होती.

"बाबू, ती कंपनी परत सुरू करतली काय रे?"

"करूक जाय, बाय," मी म्हणालो. "आमी दोगांय सांगूंया तांका."

ती हसली आणि पदराने यंत्रावरची धूळ पुसू लागली.