राखेतले खुंट

आयुष्यात पहिल्यांदा कुदळ हातात घेतली ती मुलुंडला, आणि पहिल्याच सकाळी सात जिवंत झाडं मारली. मेलेली समजून.

आमच्या सोसायटीमागच्या डोंगराला एप्रिलअखेर कुणीतरी आग लावली. दोन दिवस उतार धडधडत होता. जळालेल्या घोरपडी गडगडत आमच्या कुंपणापाशी येऊन पडल्या. मेअखेर सोसायटीने तिथे वृक्षारोपण ठरवलं. टोप्या आल्या, बॅनर आला, गुलमोहराची रोपं आली. खड्डे खणायचं काम माझ्याकडे, कारण सभेत सगळ्यांत जास्त मीच बोललो होतो.

काळे पडलेले खुंट आड येत होते. मी त्यांच्यावर तुटून पडलो. वीस वर्षं साहेबांचं ऐकून घेतलेलं सगळं बहुधा हातात उतरलं. साल सोलवटली, मुळं फाटली. आत ओलं लागत होतं, तरी थांबलो नाही. खरं सांगतो, मजा येत होती.

सातव्या खुंटावर असताना खांद्यात दगड बसला. दुसरा कानाजवळून गेला.

उताराच्या पायथ्याशी पाडा आहे. त्यातल्या सगळ्यांत वरच्या घरातली बाई धावत आली. तिने कुदळ हिसकावली आणि माझ्यावरच उगारली.

"हात तोडू तुझा? फुटतो का परत, बघू!"

"अहो बाई, मेलेलंच आहे ना ते..."

"मेलेलं? डोळे फुटले तुझे?" मान धरून तिने मला वाकवलं, पायाने राख सारली. खुंटाच्या बुडाशी बोटाएवढे तांबूस कोंब होते. निम्मे मी चिरडले होते. "हा ऐन, तो पळस. वणवा गेला की आपले आपण उठतात. यांनी माती धरलीय. पावसात ती सुटली तर कुणावर येईल? माझी पोरं झोपतात खाली!"

समितीची माणसं बॅनरमागे सरकली. उखडलेला एक खुंट मी परत मातीत बसवू लागलो, तर तिने तो लाथेने उडवला.

"तो गेला. दगड आण. बांध घाल."

दुपारपर्यंत दगड वाहिले. शर्ट रक्ताने पाठीला चिकटला होता, आणि प्रत्येक दगडामागे तिची एक शिवी होती.

घरी बायकोने जखम धुतली, हळद दाबली, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जोराचा पाऊस लागला की ती पोरं आपल्याकडे झोपतील. तिला सांगायला मी जाते. तुम्ही गेलात तर ती परत दगड घालेल, आणि मी काही तिला अडवणार नाही."